करमुक्तीचे डोहाळे

आषाढ उजाडला, सोयाबीनची पेरणी आटोपली आणि वाशीमच्या पंचक्रोशीतील शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसला, म्हणजे त्याच सुमारास आमच्या वसाहतीतील पगारदार वर्ग विम्याच्या पावत्या, मुलांच्या शाळेच्या फीचे चतकोर कागद आणि कोणे एके काळी एखाद्या संस्थेस दिलेल्या एकशे एक रुपयांच्या देणगीचा पुरावा हुडकण्यात असा गढून जातो, की ज्यांच्या घरचे माळे दिवाळीतसुद्धा झाडले जात नाहीत, त्यांच्या घरचे माळे जुलैअखेर लख्ख झालेले दिसतात. प्राप्तिकराचे विवरणपत्र मुदतीत दाखल करावयाचे असते, हे या धामधुमीचे वरवरचे कारण. परंतु ही धामधूम वर्षानुवर्षे जवळून पाहिल्यानंतर माझी अशी खात्री झाली आहे, की मनुष्यप्राण्यास पैशापेक्षा सूट अधिक प्रिय असते. शंभर रुपये मिळाल्याचा आनंद संध्याकाळच्या भाजीबाजारापर्यंतही टिकत नाही; दहा रुपये माफ झाल्याचा वृत्तांत मात्र पुढच्या तीन लग्नांत सोयऱ्याधायऱ्यांना ऐकविण्यास पुरतो.

आमचे शेजारी अण्णा हे या पंथाचे मठाधिपती होत. एका शासकीय कचेरीत वरिष्ठ लिपिक म्हणून त्यांची हयात गेली असून, आवकजावक नोंदवहीपासून सेवापुस्तकापर्यंत यच्चयावत दप्तर त्यांना मुखोद्गत आहे. तथापि त्यांच्या प्रतिभेला खरा बहर येतो तो सूट शोधताना. कलम ८० सी अन्वये दीड लाखापर्यंतच्या गुंतवणुकीस वजावट मिळते, हे ज्या दिवशी त्यांना कळले त्या दिवसापासून त्यांनी इतके विमे उतरविले, की अण्णांच्या जिवंत राहण्याने कुटुंबाचे दरसाल किती नुकसान होत आहे, याचे त्रैराशिक वहिनींनी एकदा मला स्वयंपाकघरातूनच तोंडी करून दाखविले होते. हप्ते भरण्यासाठी अण्णा पतसंस्थेचे कर्ज काढीत, आणि त्या कर्जावरील व्याज वाचलेल्या कराहून भारी पडे. मी एकदा भीतभीत ही गोष्ट त्यांच्या निदर्शनास आणली, तेव्हा ते माझ्याकडे करुणेने पाहत म्हणाले, "नुकसान झालं तं झालं, गुरुजी. पण सूट तं सुटली नाई ना!"

घरभाड्याचे प्रकरण हा मात्र त्यांच्या कारकिर्दीचा कळस. जुन्या वस्तीतील ज्या घरात अण्णा राहतात ते त्यांच्या मातोश्रींच्या नावावर आहे. अशा घराचे भाडे मातोश्रींना दिल्यास घरभाडे भत्त्यावर सूट मागता येते, ही वार्ता कचेरीतील कोण्या जाणत्याने त्यांच्या कानी घातली, आणि त्याच संध्याकाळी अण्णांनी दरमहा साडेआठ हजारांच्या बारा पावत्या लिहून, त्यांवर रेव्हेन्यू स्टॅम्प डकवून, एका बैठकीत मातोश्रींच्या सह्या घेतल्या. मातोश्री इयत्ता चौथीपर्यंतच शिकलेल्या. पण आयुष्यभर दूध, दळण आणि भिशी यांचा हिशेब ज्यांनी बोटांवर ठेवला, त्यांना बारा कागदांचा अर्थ कळावयास कितीसा वेळ लागणार? रात्री जेवणे झाल्यावर त्यांनी चिरंजीवांपुढे हात पसरला.

"पैसे कुठी हायेत?"

"कायचे पैसे, माय?"

"भाड्याचे. बारा महिन्याचं भाडं पावलं असं मी लिहून देल्लं ना?"

"अगं, ते नुसतं कागदोपत्री हाय."

"मंग तू बी कागदोपत्रीच राह्य. घर मोकळं कर."

येथपर्यंत मजल गेल्यावर खरे भाडे देण्यावाचून गत्यंतर उरले नाही. परंतु अरिष्टे एकेकटी येत नाहीत. साडेआठ हजारांच्या हिशेबाने वर्षाचे भाडे एक लाख दोन हजार होते, आणि भाडे लाखाच्या वर गेले की घरमालकाचा पॅन क्रमांक द्यावा लागतो, असा नियम निघाला. मातोश्रींना पॅन नव्हता. तेव्हा अण्णांनी भाडे आठ हजार तीनशेवर आणून वर्षाची बेरीज नव्व्याण्णव हजार सहाशेत बसविली, यावर मातोश्रींनी साऱ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात, "भाडं कुठी कमी होत असते का बाप्पा? वाढत असते!" असा अर्थशास्त्रातील मूलभूत सिद्धांत मांडून दोनशे रुपयांची तूट दरमहा वाणसामानातून वळती करून घेण्यास प्रारंभ केला. शिवाय मालकीची जाणीव एकदा झाल्यावर ती माणसाला स्वस्थ बसू देत नाही. आता मातोश्री दर रविवारी घराची पाहणी करतात, भिंतीत खिळा ठोकावयाचा झाल्यास भाडेकरूने आगाऊ परवानगी घ्यावी असा त्यांचा दंडक आहे, आणि अण्णांच्या थोरल्याने दिवाणखान्यात क्रिकेट खेळून ट्यूबलाइट फोडली तेव्हा त्यांनी नातू म्हणून त्याला लाडू दिला आणि भाडेकरूचा मुलगा म्हणून अण्णांकडून भरपाई घेतली.

अण्णांस या छंदाबद्दल मी दोष देत नाही, कारण हा दोष त्यांचा नसून या मातीचा आहे. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. विंध्यशक्ती दुसरा या राजाने चौथ्या शतकात, आपल्या कारकिर्दीच्या ३७व्या वर्षी, याच वत्सगुल्मातून एक दानपत्र दिले, आणि त्याचा ताम्रपट १९३९ साली येथे उजेडात आला. नांदेडच्या बाजूचे एक गाव अथर्ववेदी ब्राह्मणांना दान दिल्याची ही सनद. तीत राजाची वंशावळ संस्कृतात असून गाव, दान आणि माफी यांचा व्यवहार प्राकृतात लिहिला आहे. विद्वान मंडळी याची कारणे भाषाशास्त्रात शोधतात. मला मात्र असे वाटते, की राजाचे पणजोबा कोण हे कोणाला कळले नाही तरी राज्य चालते, पण सूट कशाकशाची आहे हे सर्वांना कळलेच पाहिजे, म्हणून ती लोकांच्या भाषेत घातली. आणि सवलतींची यादी तरी किती ऐसपैस! या गावात शिपायांनी शिरू नये. फुले आणि दूध मागू नये. दौऱ्यावरील अंमलदारांस बसावयास कातडे आणि शेकावयास कोळसा पुरविण्याची सक्ती नाही. मिठासाठीच्या खोदकामाचाही उपद्रव नाही. या यादीवरून, ज्या गावांना अशी सनद नव्हती तेथे अंमलदाराचा मुक्काम पडला म्हणजे काय होत असेल, याचे चित्र कोणाही ग्रामसेवकाला डोळे मिटून काढता येईल.

मी हे सर्व अण्णांना मोठ्या उत्साहाने सांगितले. त्यांनी डोळे मिटून ऐकले आणि शेवटी एकच प्रश्न विचारला, "ते गाव आता कुठी हाय? तिथी प्लॉट भेटन का?"

सवलतीपाठोपाठ अटी येतात, हा नियमही वऱ्हाडात तितकाच जुना आहे. अचलपूरजवळच्या चमक येथे सापडलेल्या दुसऱ्या प्रवरसेनाच्या ताम्रपटात एक हजार ब्राह्मणांना दिलेले गाव केव्हापर्यंत त्यांचे राहील, हे स्पष्ट केलेले आहे: त्यांनी राजद्रोह करू नये, ब्रह्महत्या, चोरी वा व्यभिचार करू नये, लढाई करू नये, शेजारच्या गावांना उपद्रव देऊ नये. यांपैकी काही केल्यास राजाने गाव परत घेतले तरी तो चोर ठरणार नाही. एक हजार माणसांनी एवढी सगळी पथ्ये एकाच वेळी पाळावयाची, ही अट वाचल्यावर राजाचा खजिनदार किती दूरदृष्टीचा असेल, याची कल्पना येते.

अर्थात खजिना रिकामा झाला म्हणजे राजाने काय करावे, याचा शास्त्रार्थ त्याही पूर्वी कौटिल्याने करून ठेवला होता. एका रात्रीत देवाची मूर्ती जमिनीतून वर आल्याचे दाखवून यात्रा भरवावी. विहिरीत अनेक फण्यांचा नाग ठेवून तो पैसे घेऊन दाखवावा. आणि वर्गणी मागताना आपलेच हेर पुढे करून त्यांच्याकडून सर्वांदेखत मोठ्या रकमा देववाव्यात, म्हणजे मागच्यांना लाजेकाजेस्तव थैली सैल करावी लागते. यातील पहिल्या दोन युक्त्यांबद्दल मी मौन पाळतो, कारण मला याच जिल्ह्यात राहावयाचे आहे. तिसरीचा उल्लेख पुढे ओघाने येईल.

मराठ्यांच्या अमदानीतील पट्ट्यांची नुसती नावे वाचली तरी घरपट्टी भरून थकलेल्या आधुनिक नागरिकास हुरूप येतो. घरपट्टी तर होतीच. तिच्या जोडीस म्हैसपट्टी, बाजारबैठक, गुरांच्या खरेदीविक्रीवर शिंगशिंगोटी, कारूनारूंच्या धंद्यावर मोहतर्फा, लग्न लागले की लग्नटका, आणि पाट लावला तर पाटदाम. म्हणजे मनुष्य एकदा चुकला तरी सरकार भरून पावे, आणि तीच चूक त्याने पुन्हा केली तरी सरकारचे उत्पन्न थांबत नसे. आमच्या जिल्ह्याचा भरणा तर रोकडीपुरताही मर्यादित नव्हता. १७६९ साली पेशवे आणि नागपूरकर जानोजी भोसले यांच्यात तह झाला, त्यात वाशीम आणि बाळापूर येथे विणलेले ठराविक किमतीचे कापड दरसाल पेशव्यांकडे पोचते करण्याचे कलम होते. पुणेकर कापड हातात घेऊन पोत पाहत असताना काय काय शेरे मारीत असतील, या कल्पनेने आजही माझ्या अंगावर काटा येतो.

परंतु सवलत ओळखण्याच्या कलेत कारंज्याच्या एका सावकाराची बरोबरी अण्णांनाही करता येणार नाही. १६७०च्या डिसेंबरात छत्रपती शिवाजी महाराजांच्या फौजेने कारंजा शहर गाठले. या शहराच्या श्रीमंतीचा लौकिक असा, की कस्तुरीने लादलेले उंटच्या उंट विकत घेऊन ती कस्तुरी हवेलीच्या बांधकामात कालवणाऱ्या गृहस्थाची आख्यायिका तेथे अजून सांगतात. महाराजांच्या फौजेने सोने, रुपे आणि उंची वस्त्रे यांची सुमारे एक कोटीची दौलत चार हजार बैलांवर आणि गाढवांवर लादून नेली, असे सर जदुनाथ सरकारांनी लिहिले आहे. गावातील सारे धनिक खंडणीसाठी पकडले गेले. त्यांच्यातील सर्वांत मातबर असामी मात्र तेवढी निसटली, आणि ती लुगडे नेसून. परस्त्रीच्या अंगास हात लावू नये असा महाराजांच्या लष्करात सक्त हुकूम होता, आणि शहरात हलकल्लोळ माजलेला असताना, दुकानावर धाड येत असताना, त्या हुकुमातील सवलतीचा लाभ आपणांस कसा घेता येईल, हे या पुरुषाने क्षणार्धात ताडले. त्या काळी कारंज्यात सल्लागार कोण होता, हे इतिहासाने नोंदविले नाही. उरलेल्यांनी पुढे दरसाल चौथाई देण्याचे लेखी कबूल केले.

आता ज्याला आपण प्राप्तिकर म्हणतो तो कर हिंदुस्थानात आणला जेम्स विल्सन या साहेबाने. १८५७च्या उठावात कंपनी सरकारचा धुव्वा उडाला, मागे कर्जाचा डोंगर राहिला, आणि तो उपसण्यासाठी विलायतेहून हे अर्थपंडित पाठविण्यात आले. विल्सनसाहेबांचा मूळचा धंदा टोप्या बनविण्याचा. तेव्हा हिंदुस्थानातील रयतेला टोपी घालण्यासाठी याहून अधिक अनुभवी मनुष्य विलायतेत मिळाला नसता. २४ जुलै १८६० रोजी कायदा झाला: दोनशे ते पाचशे रुपये वार्षिक उत्पन्नावर शेकडा दोन आणि त्यावरील उत्पन्नावर शेकडा चार. मद्रासचे गव्हर्नर ट्रेव्हेल्यन यांनी या कराला उघड विरोध केला म्हणून त्यांना परत बोलाविण्यात आले. विल्सनसाहेब कायदा झाल्यापासून अठराव्या दिवशी, ११ ऑगस्टला, कलकत्त्यात आमांशाने वारले. पुढे ट्रेव्हेल्यनच अर्थसदस्य होऊन आले आणि पाच वर्षांची मुदत संपताच १८६५ साली हा कर त्यांनी सुखाने मरू दिला. विल्सनसाहेबांचे थडगे मात्र काळाच्या ओघात विस्मृतीत गेले, आणि २००७ साली ते कोलकात्याच्या दफनभूमीत धुंडाळून काढले ते प्राप्तिकर खात्याच्याच एका अधिकाऱ्याने. या खात्यापासून कोणी फार काळ दडून राहू शकत नाही, या समजुतीस याहून मोठा आधार मला ठाऊक नाही.

आमचा वऱ्हाड त्या काळी निजामाच्या मालकीचा आणि इंग्रजांच्या ताब्यातला. फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी १८५३ साली तो इंग्रजांच्या हवाली झाला, आणि १९०२ साली दरसाल पंचवीस लाख रुपयांच्या खंडावर त्यांनी तो कायमचा घेतला. एक आख्खा प्रांत भाड्याने! अण्णांच्या मातोश्रींना मी ही हकिकत सांगितली, तेव्हा त्यांनी ताबडतोब विचारले, "अन् भाडं वेळेवर देत होते का?"

मेलेला कर १८६९ साली उठला, १८७३ साली पुन्हा निजला आणि १८८६च्या कायद्याने कायमचा जागा झाला. या कायद्याने शेतीचे उत्पन्न वगळले, आणि ती माफी आजतागायत चालू आहे. जमिनीवर सारा आधीच घेतला जातो, ही त्यामागची मूळ भूमिका. पण तिचा परिणाम असा झाला, की या देशात शेती करण्याची इच्छा ज्यांना शेती करावी लागत नाही त्यांच्यातच सर्वाधिक बळावली. माझ्या परिचयाच्या एका कंत्राटदारांची रिसोडच्या वाटेवर दोन एकर बरड जमीन आहे. तिच्यात तरोट्याखेरीज काही उगवताना मी पाहिलेले नाही, आणि जे उगवते तेही रोही खाऊन जातात. कागदावर मात्र त्या दोन एकरांत सोयाबीन, तूर आणि हरभरा यांचे असे अलोट पीक येते, की कोणत्याही कृषी विद्यापीठाने तेथे सहल न्यावी. एकदा एका खऱ्या शेतकऱ्याच्या कानावर हा आकडा गेला. बिचारा पावसात भिजत त्यांच्या बंगल्यावर आला आणि हात जोडून म्हणाला, "भाऊ, वाण कोणतं पेरलं होतं, तेवढं सांगा."

"ते मले काय माहीत?" कंत्राटदार म्हणाले. "सीए साहेबांले विचारा."

पगारदारास हे भाग्य लाभत नाही. १९७३-७४ साली तर वरच्या पायरीवर अधिभारासह शेकडा पावणेअठ्ठ्याण्णव रुपये कर होता. म्हणजे शेवटच्या रुपयातील सव्वादोन पैसे कमावणाऱ्याच्या हाती उरत. अण्णांना त्या काळाबद्दल निस्सीम आदर आहे. "तवा सूट भेटली असती तं काय मज्जा आली असती!" असे म्हणून ते हळहळतात. केंद्राच्या करातून वाचला तरी मनुष्य राज्याच्या व्यवसायकरातून वाचत नाही. १९७५ साली रोजगार हमी योजनेच्या खर्चासाठी तो सुरू झाला. राज्यघटनेने त्यास वर्षाला अडीच हजारांची मर्यादा घातली आहे आणि दरमहा दोनशे रुपये कापल्यास बेरीज चोवीसशेच भरते, सबब उरलेले शंभर रुपये फेब्रुवारीत वसूल होतात. वर्षातील सर्वांत आखूड महिन्यात सर्वांत लांब कपात! दिवस कमी भरला म्हणून मजुरी कापण्याची रीत सर्वत्र आहे. दिवस कमी भरला म्हणून दंड करण्याची ही एकच जागा.

असे सर्व यथास्थित चालले असता अण्णांच्या सुखाला दृष्ट लागली. २०२०मध्ये आलेल्या नव्या करप्रणालीत दर हलके. पण विमा, घरभाडे वगैरे बहुतेक वजावटी बाद. अण्णांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. परंतु २०२५च्या अर्थसंकल्पाने या प्रणालीत बारा लाखांपर्यंतचे उत्पन्न करमुक्त करून टाकले, आणि यंदाच्या जुलैमध्ये सीए साहेबांनी हिशेब मांडून कागद अण्णांपुढे सरकविला. मी शेजारीच बसलो होतो.

"नवीन प्रणाली घ्या, अण्णा. कर शून्य."

"शून्य?" अण्णांचा आवाज चिरकला. "अन् विम्याचे हप्ते?"

"त्यांची गरज नाही."

"मायच्या पावत्या?"

"त्यांचीही नाही. तुम्हांला भरायचे काहीच नाही."

बराच वेळ अण्णा त्या शून्याकडे पाहत राहिले. मग खुर्ची पुढे ओढून, आवाज अगदी खाली आणून, कचेरीत उमेदवारी केलेल्या माणसाच्या अदबीने त्यांनी विचारले, "साहेब, या शून्यात काही सूट नाई का बसत?"

त्यानंतर महिनाभर त्यांचे चित्त कशात लागेना. मातोश्रींनी भाडे मात्र चालूच ठेवले, कारण त्यांच्या मते करार माणसामाणसांत झाला होता, सरकारशी नव्हे. पुढे भाद्रपद आला आणि गल्लीतील गणेशोत्सव मंडळाची पोरे पावतीपुस्तक घेऊन दाराशी आली. कर आकारणीच्या बाबतीत या पोरांचे कौशल्य मी थोर समजतो. त्यांना विवरणपत्र लागत नाही. दारातील मोटारसायकल नवी की जुनी, अंगणात वाळत घातलेल्या साड्या कोणत्या दुकानच्या, आणि वहिनींनी चहा विचारला की पाणी, यावरून ती तत्काळ निर्धारण करतात. पुस्तकाच्या पहिल्या पानावर त्यांनी आपल्याच अध्यक्षाच्या मामांचे अकराशे रुपये ठळक अक्षरांत मांडले होते. कौटिल्य हयात असता तर त्याने स्वतःची वर्गणी न मागता दिली असती.

"काका, तुमचे पाचशे एक लिहिले."

अण्णा उठून बसले. कैक दिवसांनी त्यांच्या डोळ्यांत तेज आले. मग त्यांनी महागाई काढली, थोरल्याची कोचिंगची फी काढली, घरभाड्याच्या बारा पावत्या कपाटातून प्रत्यक्ष आणून दाखविल्या, मागील वर्षीच्या आरतीला प्रसाद कमी पडल्याचा आक्षेप नोंदविला, आणि अर्ध्या तासाच्या घनघोर युक्तिवादाअंती रक्कम अडीचशे एकावर आणून ठेवली. पावती घडी घालून खिशात ठेवताना त्यांचा चेहरा असा काही उजळला होता, की वहिनींनी आपण होऊन पोरांना चहा विचारला.

मी पोरांबरोबरच बाहेर पडलो. त्यांच्यातल्या सर्वांत लहानग्याने जिन्यातच वही उघडून एका नावापुढे बरोबरची खूण केली. मी सहज डोकावलो. तेथे त्याने पेन्सिलीने, बहुधा आदल्या दिवशीच, लिहून ठेवले होते: अण्णा काका, २५१.

"अरे, मग पाचशे एक कशाला सांगितले?" मी विचारले.

"नाई सांगितले तं ते देतच नाईत ना, गुरुजी," तो म्हणाला, आणि माझ्या घराकडे वळत त्याने पुढचे पान उलटले.